थकलेला खांदा वाट बदलतो

२०२२च्या जूनमध्ये मेक्सिकोतल्या लिओन शहरात जागतिक युवा वेटलिफ्टिंग स्पर्धा झाली. तिथे मनमाडच्या आकांक्षा व्यवहारेने ४० किलो गटात रौप्यपदक मिळवलं. स्नॅचमध्ये ५९ किलो, क्लीन अँड जर्कमध्ये ६८, एकूण १२७. स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ दीडपट भार एका झटक्यात डोक्यावर न्यायचा आणि पंचांचा इशारा होईपर्यंत तिथेच धरून ठेवायचा, ही गोष्ट नांदगाव तालुक्यातल्या मुलीने केली. पाण्याची टंचाई, रेल्वेचं जंक्शन आणि धान्याची गोदामं एवढीच ज्या गावाची बाहेर ओळख होती, त्या मनमाडच्या जय भवानी व्यायामशाळेचं नाव आज वेटलिफ्टिंगवाले आदराने घेतात.

अशा यशाचा फोटो छापून येतो तो नेहमी एकाच क्षणाचा असतो. बार डोक्यावर, कोपरं ताठ, चेहरा आवळलेला. त्या फोटोत एक हाड कधीच दिसत नाही, कारण ते पाठीमागे असतं. खवाटा, म्हणजे पाठीच्या वरच्या भागात दोन्ही बाजूंना असलेलं तिकोनी, सपाट हाड. या पुस्तिकेची पुढची पानं मुख्यतः त्या हाडाविषयी आहेत. ते हाड हलवणारे आणि सांधा जागेवर धरणारे स्नायू दमले की हात डोक्यावर नेणाऱ्या खेळाडूचं काय होतं, हा या पानांचा विषय.

हात डोक्यावर नेणारे खेळाडू म्हटल्यावर वेटलिफ्टर पहिल्यांदा कुणाच्या मनात येत नाही. या विषयावरचं बहुतेक संशोधन अमेरिकेतल्या बेसबॉल पिचरवर झालं, मग जलतरणपटू, टेनिस आणि व्हॉलीबॉल खेळाडूंवर. आपल्याकडे त्याच यादीत वेगवान गोलंदाज येतो, भालाफेक्या येतो, बॅडमिंटनचा स्मॅश मारणारी मुलगी येते आणि सीमारेषेवरून यष्टिरक्षकाकडे थेट चेंडू फेकणारा पोरगाही येतो. हा शेवटचा सगळ्यात दुर्लक्षित. हिवाळ्यात गावोगावी टेनिस चेंडूच्या स्पर्धा भरतात. एका दिवसात एक संघ तीन-तीन सामने खेळतो, गोलंदाज ठरलेले दोघं-तिघंच असतात, आणि त्यांची षटकं मोजली जातात ती फक्त स्कोअरबुकासाठी. सरावातले चेंडू, क्षेत्ररक्षणातल्या फेकी, दोन सामन्यांच्या मध्ये गंमत म्हणून केलेली फेकाफेक कुठल्याच वहीत चढत नाही. खांद्याला मात्र ती सगळी चढते.

आता सांध्याकडे वळू. दंडाच्या हाडाचा गोल माथा आणि खवाट्यावरची वाटी मिळून खांद्याचा मुख्य सांधा होतो. पण तिला वाटी म्हणणं हा तिचा सन्मानच आहे. बशीत चेंडू ठेवावा तसा माथा तिच्यावर टेकलेला असतो, आणि कुठल्याही क्षणी माथ्याचा जेमतेम चौथा ते तिसरा हिस्सा तिला लागून असतो. मांडीचं हाड खुब्यात खोल बसलेलं असतं, म्हणून खुबा सहसा निखळत नाही, आणि म्हणूनच पाय हाताइतका मोकळा फिरत नाही. खांद्याने मोकळेपणा घेतला आणि स्थैर्य स्नायूंच्या भरवशावर सोडलं. ते स्थैर्य सांभाळणारे चार लहान स्नायू आहेत: सुप्रास्पायनेटस, इन्फ्रास्पायनेटस, टेरीस मायनर आणि सबस्कॅप्युलॅरिस. चौघांना मिळून रोटेटर कफ म्हणतात. वरचा मोठा डेल्टॉइड दंड उचलतो, पण तो एकटाच ओढू लागला तर दंडाचा माथा वर सरकून छताला लागेल. छत म्हणजे खवाट्याचंच पुढे आलेलं टोक, ॲक्रोमियन. माथा वाटीत दाबून ठेवायचं काम कफचे स्नायू करतात. माथा आणि छत यांच्यामधली फट साधारण एक सेंटिमीटरची, आणि तेवढ्यातूनच सुप्रास्पायनेटसची दोरी, म्हणजे त्याला हाडाशी जोडणारा कंडरा, जाते.

खुद्द खवाटाही असाच अधांतरी. फासळ्यांशी त्याचा सांधा नाही, तो त्यांच्यावरून सरकतो. धडाशी हाडाने जोडणारा त्याचा दुवा एकच, गळ्याखालचं आडवं हाड. हात वर जाताना खवाटा वर वळतो, मागे कलतो आणि छत बाजूला करून माथ्याला वाट देतो. बॉस्टनचे शल्यचिकित्सक अर्नेस्ट कॉडमन यांनी १९३४च्या आपल्या खांद्यावरच्या ग्रंथात या जोडचालीला ताल म्हटलं. १९४४मध्ये इनमन, साँडर्स आणि ॲबट यांनी तिचं मोजमाप दिलं. हात पूर्ण वर नेताना होणाऱ्या १८० अंशांपैकी सुमारे १२० अंश दंडाचे आणि ६० खवाट्याचे. हे दोनास एक प्रमाण आजही प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे. प्रत्यक्षात ते माणसागणिक आणि वजनागणिक हलतं, तरी विचाराला धरायला चांगलं आहे. खवाट्याचे हे साठ अंश मुख्यतः दोन स्नायू घडवतात. बगलेखाली फासळ्यांवर दातेरी कडेने बसलेला सेरेटस अँटिरियर, आणि पाठीच्या मध्यातून वर जाणारा ट्रॅपेझियसचा खालचा भाग. आरशात दिसणारे, शर्टाच्या बाह्या ताणणारे स्नायू हे नव्हेत. व्यायामशाळेत त्यांच्या वाट्याला फारसं कुणी जात नाही, आणि माझ्या मते निम्मी गोष्ट इथेच बिघडते.

दमणं म्हणजे काय, हा प्रश्न जुना आहे. इटलीतल्या तुरिनचे शरीरशास्त्रज्ञ अँजेलो मोस्सो यांनी बोटाने वजन ओढून थकवा नोंदवणारं यंत्र बनवलं आणि १८९१मध्ये थकव्यावर एक पुस्तकच लिहिलं. दिवसभर तोंडी परीक्षा घेऊन आलेल्या प्राध्यापकाचं बोटही लवकर दमतं, हे त्यांनी दाखवलं. त्या बोटाने दिवसभर काहीच उचललेलं नव्हतं. थकवा अर्धा मेंदूत आणि मज्जारज्जूत असतो, अर्धा स्नायूत, हे तेव्हापासून स्पष्ट आहे. स्नायूत काय घडतं त्याबद्दल आपल्या मैदानांवर अजून ‘लॅक्टिक ॲसिड साचलं’ एवढंच बोललं जातं. खेळ थांबल्यावर तासाभरात लॅक्टेट रक्तातून बरंचसं निघून जातं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग दुखतं ते त्याच्यामुळे नव्हे. ताणाखाली लांब होत असताना जोर धरणाऱ्या तंतूंना बारीक इजा होते, त्यामुळे. दमलेल्या स्नायूत कॅल्शियमची सोडवणूक मंदावते, ऊर्जा वापरताना सुटलेलं फॉस्फेट साठतं आणि त्याच संदेशावर आकुंचन कमी मिळतं. मग तेवढंच काम करायला मेंदूला जास्त तंतू कामाला लावावे लागतात, किंवा दुसरे स्नायू बोलवावे लागतात.

‘दुसरे स्नायू बोलवावे लागतात’ हेच या पुस्तिकेचं सूत्र आहे. दमलेला खांदा लगेच दुखत नाही आणि लगेच कमीही पडत नाही. तो वाट बदलतो. चेंडू जवळपास त्याच वेगाने जातो, बार वर पोचतो, पोहणाऱ्याची लांबी ठरल्या वेळेत पुरी होते. धावफलकावर काहीच दिसत नाही. काम तेवढंच झालेलं असतं, पण ते वेगळ्या स्नायूंनी, वेगळ्या कोनातून आणि वेगळ्या दोऱ्यांवर भार टाकून केलेलं असतं.

मोजमाप करणाऱ्यांनी हे वेगवेगळ्या अंगांनी पाहिलं. १९९९मध्ये अमेरिकी संशोधकांनी निरोगी तरुणांचे डेल्टॉइड आणि कफ दमवून एक्स-रे काढले. आधी वाटीच्या मध्यावर राहणारा माथा थकव्यानंतर हात उचलताना काही मिलिमीटर वर सरकला. एक सेंटिमीटरच्या फटीत काही मिलिमीटर ही थोडकी गोष्ट नाही. २००३मध्ये दंड बाहेर फिरवणारे स्नायू दमवून केलेल्या प्रयोगात खवाट्याचं मागे कलणं कमी झालं, म्हणजे छत खाली आलं. इथवर गोष्ट सरळ वाटते. पण २००६च्या दुसऱ्या एका प्रयोगात थकव्यानंतर खवाटा उलट जास्त वर वळला, जणू दंडाची उणीव तो भरून काढत होता. ही विसंगती झाकून ठेवण्याची नाही. कोणते स्नायू दमवले, कसे दमवले, हातात वजन होतं की नव्हतं, यावर उत्तर बदलतं. ‘थकवा आला की खवाटा असाच हलतो’ असं ठामपणे सांगणारा प्रशिक्षक भेटला तर त्याचं कौतुक करावं, पण त्यावर विसंबू नये. एवढं मात्र जवळजवळ सगळे मान्य करतात की ताल पहिल्यासारखा राहत नाही, आणि प्रत्येक खेळाडू त्याची भरपाई आपापल्या पद्धतीने करतो.

आणखी एक गोष्ट बिघडते, आणि मला ती सगळ्यात धोक्याची वाटते. आपला हात नेमका कुठे आहे हे डोळे मिटूनही आपल्याला कळतं, ते स्नायू आणि दोऱ्यांमधल्या संवेदकांमुळे. १९९८मध्ये खांदा दमवून ही जाण मोजली गेली. हालचाल झाली आहे हे ओळखायला लागणारा कोन थकव्यानंतर सुमारे ७३ टक्क्यांनी वाढला. फेकणाऱ्याच्या खांद्याचा आतला फिरकीवेग सेकंदाला सात हजार अंशांच्या आसपास जातो. हात पूर्ण मागे गेल्यापासून चेंडू सुटेपर्यंत सेकंदाचे काही शतांशच मिळतात. एवढ्या वेगात सांधा कुठे आहे ते उशिरा कळलं, तर कळूनही उपयोग नाही.

फेकीत खांद्यावरचा सगळ्यात मोठा भार चेंडू सुटण्याच्या आधी येतो असं आपण धरून चालतो. पण कठीण भाग चेंडू सुटल्यानंतरचा असतो. एवढ्या वेगाने पुढे आलेला हात थांबवायचा कुणी? कफचे मागचे दोन छोटे स्नायू, इन्फ्रास्पायनेटस आणि टेरीस मायनर. लांब होता होता ते जोर धरतात, आणि त्या वेळी हात सांध्यातून उपसून काढू पाहणारं बल खेळाडूच्या वजनाच्या आसपास असतं. म्हणून फेकीनंतर खांद्याच्या मागचा भाग जड वाटतो. व्यावसायिक पिचरच्या एका पाहणीत, फेकीनंतर लगेच दंड आत फिरण्याचा आवाका सरासरी साडेनऊ अंशांनी घटलेला आढळला, आणि चोवीस तासांनंतरही तो भरून आला नव्हता. दुसऱ्या दिवशी पुन्हा सामना असेल, तर तो त्या घटलेल्या आवाक्यावरच सुरू होतो.

वेटलिफ्टरचं गणित वेगळं. त्याला सेकंदाला सात हजार अंश नकोत, त्याला थांबायचं असतं. स्पर्धेत स्नॅचच्या तीन आणि क्लीन अँड जर्कच्या तीन अशा सहाच उचल्या. लागोपाठ दोन उचल्या त्याच खेळाडूच्या असतील तर मध्ये दोन मिनिटं मिळतात. कोपरं एकदा ताठ झाल्यावर ती पुन्हा वाकवून सरळ केली तर पंच उचल बाद करतात. म्हणजे थकलेल्या खांद्याने जी पळवाट काढली असती, ती नियमानेच बंद केलेली. स्पर्धेत थकवा असतोच, पण खरा साचतो तो सरावात, आठवडेच्या आठवडे. अमेरिकी ऑलिम्पिक केंद्रांतल्या वेटलिफ्टरच्या नोंदींचा १९९९मध्ये अभ्यास झाला. पाठ, गुडघा आणि खांदा या तिघांच्या वाट्याला मिळून जवळपास ६५ टक्के दुखापती गेल्या होत्या.

इथे सांगलीच्या वेटलिफ्टर संकेत सरगरची आठवण काढल्यावाचून राहवत नाही. ३० जुलै २०२२, बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धा, ५५ किलो गट. स्नॅचमध्ये ११३ किलोने तो पुढे होता. क्लीन अँड जर्कमध्ये १३५ झाले. मग १३९च्या प्रयत्नात उजव्या कोपराला दुखापत झाली, तरी तिसऱ्या उचलीला तो पुन्हा उभा राहिला. बार गेला नाही. मलेशियाच्या अनिक कसदानने २४९ किलोंनी सुवर्ण घेतलं, संकेतचे २४८. पदक घेताना त्याचा हात गळपट्टीत होता. त्या कोपराला खांद्याचा थकवा नडला असं टीव्हीवर पाहून म्हणणं हा उतावळेपणा होईल. डोक्यावर पेललेला बार थोडा मागे गेला तरी कोपरावरचा भार बदलतो, आणि तो मागे जाण्याची कारणं अनेक असतात. मी ही आठवण काढली ती वेगळ्या कारणासाठी. त्या दिवशी घराघरांत चर्चा झाली ती एका किलोची आणि कोपराची. खांदा, खवाटा, पाय, कंबर यांची साखळी कुणाच्या बोलण्यात आली नाही.

आणि ती साखळी पायापासून सुरू होते. टेनिसच्या सर्व्हिसवर डब्ल्यू. बेन किब्लर यांनी केलेल्या मांडणीनुसार निम्म्याहून जास्त ऊर्जा पाय आणि धडातून येते. धडाकडून येणारी ऊर्जा वीस टक्क्यांनी घटली, तर तोच परिणाम साधायला खांद्याला वेग सुमारे ३४ टक्क्यांनी वाढवावा लागतो. दमलेल्या गोलंदाजाची उडी आखूड होते, पुढचा गुडघा वाकतो आणि चेंडू ‘नुसत्या हाताने’ जातो. मैदानावरचे जुने लोक हे अचूक ओळखतात. खांद्याचा थकवा पाहायचा असेल तर आधी पाय पाहा, असं म्हटलं तर ती अतिशयोक्ती नाही.

मुलांच्या बाबतीत हे सगळं आणखी गंभीर. वाढीच्या वयात हाडाच्या टोकाशी असलेली वाढीची चकती स्नायूच्या दोरीपेक्षा कमजोर असते. २००६मध्ये किशोरवयीन पिचरवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेपर्यंत गेलेल्यांची तुलना दुखापत नसलेल्यांशी केली होती. हात दमलेला असतानाही नेहमी फेकत राहणाऱ्यांमध्ये शस्त्रक्रियेची शक्यता ३६ पट निघाली. लहान अभ्यासातला आकडा फुगतो हे मान्य, पण दिशा चुकत नाही. अमेरिकेत लिटल लीग बेसबॉलने २००७पासून चेंडू मोजायला सुरुवात केली. अकरा-बारा वर्षांच्या मुलाला दिवसाला ८५ची मर्यादा आहे. आपल्या शालेय क्रिकेटमध्ये षटकांची मर्यादा घालता येते, पण रविवारच्या टेनिस चेंडूला शाळेचे नियम लागू नाहीत आणि कुठल्या संघटनेचेही. तिथे फक्त घरचे उरतात. ‘दुखतंय म्हणजे मेहनत लागली’ हे वाक्य आपल्याकडे तालमीपासून ट्युशनपर्यंत चालतं. खांद्याच्या बाबतीत ते निखालस खोटं आहे.

उपचाराच्या इतिहासातूनही एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. १९७२मध्ये चार्ल्स नीअर यांनी मांडलं की दोरी छताखाली चिमटली जाते, म्हणून छताचा भाग तासून जागा करावी. पुढे दशकानुदशकं जगभर छतं तासली गेली. ब्रिटनमधल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०१७च्या अखेरीस ‘लॅन्सेट’मध्ये आले. त्यात छत तासलेल्यांना, नुसतीच दुर्बीण घालून बाहेर आलेल्यांपेक्षा सांगण्यासारखा जास्त फायदा झाला नव्हता. हे रुग्ण खेळाडूच होते असं नाही, आणि फाटलेल्या दोरीची किंवा निखळलेल्या खांद्याची शस्त्रक्रिया ही वेगळीच गोष्ट. पण नुसतं हाड तासून भागत नाही, हे त्यातून दिसलं. ताल स्नायूंचा आहे.

म्हणूनच पुढच्या प्रकरणांत यंत्रं कमी आणि व्यायाम जास्त आहेत. भिंतीला हात लावून खवाटा पुढे ढकलणं, पालथं पडून हात वर उचलणं, रबरी पट्ट्याने दंड बाहेर फिरवणं आणि तो सावकाश परत येऊ देणं. बाहेर फिरवणाऱ्या स्नायूंची ताकद आत फिरवणाऱ्यांच्या किमान दोन-तृतीयांश असावी, हा सर्वमान्य अंदाज त्यात वापरला आहे. मुद्गल फिरवण्यावर एक स्वतंत्र टिपण आहे. तालमीतला जुना मुद्गल डोक्यामागून फिरवून पुढे आणताना कफच्या मागच्या स्नायूंना आणि खवाट्याला नेमकं ते थांबवण्याचं काम देतो, जे फेकणाऱ्याला हवं असतं. हलका मुद्गल, सावकाश, आणि दमण्याआधी खाली ठेवायचा. भारी मुद्गल फिरवून दाखवण्याची हौस असलेल्यांनी ते टिपण वगळलं तरी चालेल.

मनमाडच्या अन्न महामंडळाच्या गोदामात पन्नास किलोची पोती वाहणाऱ्या हमालांचा खांदा या पुस्तिकेत नाही. त्यांचं काम खेळाडूंच्या कामाइतकंच खांद्याला लागणारं आहे, आणि त्यांना दोन मिनिटांची घंटाही नसते. पण त्यांच्यासाठी लिहायचं तर कामाचे तास, पोत्याचं वजन, थराची उंची आणि मजुरीचा दर यांबद्दल लिहावं लागेल. ते काम वेगळ्या हातांनी व्हावं.

शेवटी क्रीडाशिक्षकांना एक सोपी तपासणी सुचवतो, पुस्तिका न वाचताही करता येईल अशी. सराव सुरू होताना खेळाडूला पाठमोरं उभं करून दोन्ही हात सावकाश वर आणि सावकाश खाली न्यायला सांगा. तीन-चार वेळा, मोबाइलवर चित्रित करा. सराव संपताना तेच पुन्हा, त्याच अंतरावरून. दोन चित्रफिती शेजारी ठेवून खवाट्याची आतली कड पाहा, विशेषतः हात खाली येताना, कारण बिघाड वर जाताना लपतो आणि उतरताना उघडा पडतो. एका बाजूची कड पाठीपासून सुटून वर येत असेल किंवा खांदा कानाकडे चढत असेल, तर त्या दिवशीच्या शेवटच्या दोन सेटचा हिशोब पुन्हा मांडा. दोन्ही हातांत एक-दीड किलोचं वजन दिलं तर फरक जास्त स्पष्ट दिसतो. मुलींच्या बाबतीत आईवडिलांना आधी विचारा आणि चित्रण शक्य तर शिक्षिकेने करावं. पाठीला चिकटणारा टी-शर्ट पुरतो, खवाट्याच्या खालच्या टोकावर खडूची खूण केली की बस. चित्रफीत पाहून झाली की ती खेळाडूच्या हवाली करा, गटावर टाकू नका.